गादीखालची मॅट नेमकी कुणाची झोप मोजत होती?

केस नाशिकरोडच्या एका घरातली आहे. नावं देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील पण बदललेत. मी स्लीप टेक्निशियन, म्हणजे लोकांना वायरी लावून झोपवायचं आणि सकाळी त्यांच्या रात्रीचा हिशोब काढून डॉक्टरांपुढे ठेवायचा हे माझं काम. निदान डॉक्टर करतात. पण ह्या केसमधला गोंधळ डॉक्टरांकडे जायच्या आधीच घरातल्या बेडवर झाला होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

काका ६१ वर्षांचे, रिटायर्ड, दोनेक वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. घोरणं असं की वरच्या मजल्यावरचे लोक सुद्धा ओळखून आहेत. पोरगा म्युनिकला असतो. हार्ट आणि घोरणं असं दोन्ही एकत्र वाचलं की नेटवर पुढचा शब्द स्लीप अ‍ॅप्निया हाच येतो, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणं, त्यामुळे त्याने धसका घेतला आणि दिवाळीला आला तेव्हा गादीखाली ठेवायची एक मॅट घेऊन आला. बेडच्या डाव्या बाजूला, छाती येते तिथे, गादीखाली सरकवली, वायफायला जोडली, अ‍ॅपमध्ये बाबांचं वय वजन उंची टाकली आणि परत गेला. अंगाला काही लावायचं नाही, काही चार्ज करायचं नाही, बाबांना काही कळायचं सुद्धा कारण नाही, हा त्यातला मोठा फायदा, कारण काका घड्याळ सुद्धा हातात घालत नाहीत.

पुढे काही महिने पोरगा तिकडून रोज सकाळी अ‍ॅप बघायचा. सुरुवातीला बरंच संमिश्र येत होतं, मग मार्चपासून जवळपास रोजच श्वासाच्या अडथळ्याचा आकडा मध्यम गटात, मध्येच एखादी रात्र लाल. शेवटी त्याने फोनवर भांडून वडिलांना आमच्याकडे पाठवलं. काका आले ते वैतागूनच. "मला काहीच होत नाही हो, मी दुपारी पण झोपत नाही, हा पोरगा तिकडे बसून माझ्या श्वासावर लक्ष ठेवतो."

नेहमीप्रमाणे आधी स्टॉप-बँगचा फॉर्म भरून घेतला. टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या टीमने २००८ मध्ये आणलेली ही प्रश्नावली, आठ हो-नाही प्रश्न, घोरणं, थकवा, कुणी श्वास थांबलेला पाहिलाय का, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का. पाच किंवा जास्त म्हणजे धोका जास्त. काका बरोबर पाचवर. घोरणं, बीपीची गोळी, वय, मान, पुरुष. म्हणजे पोराची भीती, मॅटचा आकडा आणि आमचा फॉर्म तिघंही एकच सांगत होते. डॉक्टरांनी घरी करायची लेव्हल थ्री टेस्ट सांगितली, म्हणजे नाकात कॅन्युला (हवा मोजणारी बारीक नळी), छातीला आणि पोटाला बेल्ट, बोटाला ऑक्सिमीटर. काकांनी कुरकुरत एक रात्र घालवली.

रिपोर्ट आला तासाला ६.

एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास बंद पडला किंवा अर्धवट झाला त्याचा आकडा, आणि ह्यात एक वेळ धरायला ते किमान १० सेकंद चालावं लागतं. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरच्या टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी नसतात म्हणून तो आकडा खरं तर थोडा वेगळ्या पद्धतीने निघतो, त्यावर पुढे येतोच. मुद्दा असा की काका नॉर्मलच्या जेमतेम वर होते. ऑक्सिजन रात्रभर व्यवस्थित. घोरण्याचा आवाज मात्र प्रचंड. हे लोकांना पटत नाही पण जोरात घोरणारा प्रत्येक माणूस अ‍ॅप्नियाचा नसतो.

आता दोन शक्यता. एकतर आमची टेस्ट नेमकी चांगल्या रात्री झाली, कारण अ‍ॅप्निया रात्रीगणिक बदलतो, पाठीवर किती वेळ झोपला, नाक चोंदलं होतं का, दोन पेग झाले होते का, ह्यावर आकडा वरखाली होतो, आणि महिनोन्‌महिने मोजणारी मॅट इथे एका रात्रीच्या टेस्टपेक्षा उजवी ठरू शकते. नाहीतर मॅट भंगार. काकांनी दुसरी शक्यता लगेच उचलली. पोराने पहिली. दोघांचं फोनवर जुंपलं आणि मी म्हटलं अ‍ॅपचं लॉगिन द्या, एकदा आतला डेटा बघू.

इथे थोडं थांबून ही यंत्रं करतात काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गादीखालच्या मॅटमध्ये बहुतेक वेळा हवेची पिशवी आणि प्रेशर सेन्सर असतो. तुम्ही श्वास घेतला की छातीचा दाब बदलतो, हृदयाचा ठोका पडला की अंगाला अगदी बारीक धक्का बसतो, तो सुद्धा गादीतून खाली पोचतो. काहींमध्ये घोरणं ऐकायला मायक्रोफोन पण असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या डोझीची शीट ह्याच जातीची, ती हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंटचे ठोके आणि श्वास मोजायला वापरतात. दुसरा प्रकार रडारचा. गूगलने २०२१ मध्ये नेस्ट हब ह्या उशाशी ठेवायच्या स्मार्ट स्क्रीनच्या दुसऱ्या पिढीत ६० गिगाहर्ट्‌झचं रडार टाकलं, त्या लहरीची लांबी साधारण ५ मिलिमीटर, आणि श्वास घेताना छाती काही मिलिमीटरच हलते, त्यामुळे परत आलेल्या लहरीत तो फरक छान पकडता येतो. ते यंत्र अ‍ॅप्नियाच्या निदानासाठी नाही हे कंपनीच सांगते. तिसरा प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो, २०१५ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये राजलक्ष्मी नंदकुमार आणि सहकाऱ्यांनी साध्या स्मार्टफोनच्या स्पीकरमधून कानाला ऐकू येत नाही असा आवाज सोडून, छातीवरून परतलेला आवाज माइकने पकडून, ३७ पेशंटवर हे करून दाखवलं आणि लॅबच्या टेस्टशी ते चांगलं जुळलं.

ह्या सगळ्यांना दिसते ती छातीची हालचाल, नाकातली हवा दिसत नाही. आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅप्नियात गंमत अशी की घसा बंद असतो पण छाती आणि पोट जोर लावतच राहतात, हवा शून्य पण हालचाल चालू. म्हणजे "हालचाल थांबली की अ‍ॅप्निया" असं सोपं गणित चालत नाही, यंत्राला बारीक खुणा शोधाव्या लागतात, श्वासाची लय बिघडणं, मग अचानक मोठा श्वास आणि अंगाला झटका, त्याच वेळी ठोके आधी मंदावून मग एकदम वाढणं, घोरणं गप्प होऊन परत सुरू होणं. हे तासभर एका ठेक्यात चाललं की अल्गोरिदम म्हणतो इथे काहीतरी आहे. आणि ते बऱ्यापैकी बरोबर म्हणतो. विदिंग्ज कंपनीच्या मॅटची ११८ पेशंटवरची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात तासाला १५ किंवा जास्त असलेले पेशंट ओळखण्यात सेन्सिटिव्हिटी ८८ टक्के (असलेल्यांपैकी एवढे पकडले) आणि स्पेसिफिसिटी ८८.६ टक्के (नसलेल्यांपैकी एवढ्यांना बरोबर सोडलं) आली. अंगाला काहीही न लावता एवढं म्हणजे वाईट अजिबात नाही. फक्त ती चाचणी स्लीप लॅबमध्ये झाली, बेडवर एकटा माणूस आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत.

आपल्या घरात हे शेवटचं वाक्य कुठे लागू होतं.

तर मी अ‍ॅप उघडलं. सगळे बघतात तो वरचा रंगीत गोल सोडून द्या, खाली ठोक्यांचा आलेख असतो. रात्रीचा सरासरी पल्स ७६. मी काकांच्या लेव्हल थ्रीच्या रिपोर्टमध्ये पाहिलं, रात्रभर ५४-५५. आणि असणारच, अँजिओप्लास्टीनंतर ते बीटा ब्लॉकरवर, म्हणजे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळीवर, आहेत, आमच्या ओपीडीत बसलेले असताना सुद्धा ५८ होता. त्या गोळीवर असलेल्या माणसाचा पल्स महिनोन्‌महिने झोपेत ७६? मग उठण्याच्या वेळा बघितल्या. अ‍ॅप म्हणतं रोज पहाटे सव्वापाचला बेड रिकामा. काकांना विचारलं किती वाजता उठता, म्हणाले सात, साडेसात, रिटायर झालोय आता. मधेच एक रात्र पूर्ण कोरी, काहीच डेटा नाही. ती तारीख विचारली तर काका जरा वेळ आठवत बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी घरीच होतो की. ही गेली होती सिन्नरला, भाचीच्या हळदीला."

तेव्हा उलगडा झाला. मार्चमध्ये उकाडा सुरू झाल्यावर काका हॉलमध्ये कूलरसमोर दिवाणावर झोपायला लागले होते. काकूंनी काही म्हटलं नाही, उलट घोरण्यापासून सुटका. आणि रिकाम्या बेडवर त्या खिडकीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, सरकल्या. पहाटे सव्वापाचला उठायच्या कारण साडेपाचला नळाला पाणी येतं. म्युनिकमधून पोरगा बाबांच्या नावाखाली आईची झोप बघत होता.

मला विचाराल तर मॅटने तिचं काम चोख केलं होतं. ह्या यंत्राला माणूस ओळखता येत नाही, छाती कळते फक्त, वर कुणाची आहे ते आपण सांगायचं. रडारवाल्यांचं पण तेच, त्याला जो जवळ झोपलाय तो दिसतो, आणि एका खोलीत चारजण झोपणारं घर असेल, नातू मध्येच येऊन बिलगत असेल, पंख्याच्या वाऱ्यानं मच्छरदाणी हलत असेल, तर आकडा कुणाचा आणि कशाचा हे देव जाणे. सुरुवातीचे जे महिने संमिश्र येत होते ते पण आता समजले, तेव्हा दोघं एकाच गादीवर होते.

मग काकूंकडे वळलो. त्या ५५ वर्षांच्या, काकांसोबत आलेल्या, बाहेर बाकड्यावर बसलेल्या. त्यांना आत बोलावलं तर त्यांना वाटलं काकांचं काही गंभीर निघालं. मी विचारलं काकू सकाळी उठल्यावर कसं वाटतं तुम्हाला. "मला काय, माझं वय झालं आता. डोकं जड असतं जरा, चहा घेतला की उतरतं." रात्री उठावं लागतं का? "दोनदा तीनदा लघवीला, शुगर तपासली, नाहीये." दुपारी? "टीव्हीसमोर बसले की डोळा लागतो, सिरियलचं अर्धं कळतच नाही." बीपीच्या दोन गोळ्या, थायरॉइडची एक, पाळी जाऊन चारपाच वर्षं. थकवा म्हणून थायरॉइडचा डोस वाढवून झालेला, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झालेली, आणि झोप लागत नाही म्हणून कुणीतरी झोपेची अर्धी गोळी दिलेली, जी काही अ‍ॅप्नियाच्या पेशंटमध्ये घसा अजून सैल पाडू शकते.

ह्यातलं प्रत्येक लक्षण अ‍ॅप्नियात बसतं. रात्री लघवीला उठणं सुद्धा, बंद घशाविरुद्ध छाती ओढ लावते तेव्हा हृदयाच्या कप्प्यावर ताण येतो, त्यातून एक हार्मोन सुटतो आणि किडनी जास्त पाणी सोडते. लोक प्रोस्टेट नाहीतर शुगर समजून बसतात.

पण काकूंचा स्टॉप-बँग भरला तर आले तीन. थकवा, बीपी, वय. घोरता का, तर माहीत नाही. श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, तर कोण बघणार, नवरा स्वतःच्या घोरण्यात बुडालेला आणि आता तर हॉलमध्ये. मान ३६, बीएमआय ३१, बाई. तीन म्हणजे मधला गट, गर्दीच्या ओपीडीत सहज निसटणारा. काकांना पाच आणि काकूंना तीन, आणि आजार नेमका उलट्या बाजूला. फॉर्म वाईट आहे असं मी म्हणत नाही, रोज वापरतो, पण त्यातला एक मार्क फक्त पुरुष असण्याचा आहे आणि एक मार्क शेजारी जागं कुणीतरी असण्याचा आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

आपल्याकडचा अभ्यास बघा. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ मध्ये जो गाजलेला सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यात मध्यमवयीन शहरी लोकांत झोपेतले श्वासाचे अडथळे १९.५ टक्के आणि लक्षणांसकट अ‍ॅप्निया ७.५ टक्के आला, पण तो सगळा पुरुषांवर केलेला. नंतर २०२३ मध्ये एम्सच्या लोकांनी भारतातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला, मोठ्या माणसांत ११ टक्के, पुरुष १३ आणि बायका ५, देशभरात १० कोटींच्या वर माणसं. बायकांमध्ये कमीच आहे, मान्य, पण पाळी गेल्यावर प्रमाण वाढतं आणि तक्रार घोरण्याची नसते, थकवा, डोकं दुखणं, झोप न लागणं, चिडचिड अशी असते, आणि त्याला घरात काय म्हणतात ते तुम्हाला माहितीये.

काकू टेस्टला तयार नव्हत्या. "घोरतात हे आणि वायरी मला?" काका पण म्हणाले, "अहो मॅट माझ्यासाठी आणली होती." शेवटी आधी एक साधी गोष्ट केली, आठवडाभर मॅटवर फक्त काकूच झोपतील आणि कॅलेंडरवर खूण करतील असं ठरवलं, पोराने अ‍ॅपमध्ये आईचं वय वजन टाकलं. आकडा परत मध्यमच. मग लेव्हल थ्री. रिपोर्ट आला ११. घरात एकदम आनंद, ११ म्हणजे सौम्यच की, वजन कमी करू.

हा दुसरा खड्डा आहे आणि ह्यात भरपूर लोक पडतात. घरच्या टेस्टमध्ये डोक्याला वायरी नसतात, त्यामुळे माणूस कधी झोपला आणि कधी नुसताच पडून होता हे कळत नाही. मशीन सुरू ते बंद असा अख्खा वेळ भागाकारात खाली जातो. काकू आठ तास मशीन लावून होत्या पण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे झोपल्या जेमतेम पाच तास. तेवढेच अडथळे पाच तासांनी भागले तर आकडा कुठल्या कुठे जातो. शिवाय ऑक्सिजन फारसा न पडता नुसती झोप मोडणारे अडथळे ह्या टेस्टमध्ये मोजलेच जात नाहीत, आणि बायकांमध्ये अशा अर्धवट अडथळ्यांचं प्रमाण जास्त असतं. डॉक्टरांनी लक्षणं बघून लॅबमध्ये पूर्ण स्लीप स्टडी सांगितली.

त्या रात्री मीच ड्युटीवर होतो. काकूंना वायरी लावायला वेळ लागला कारण केसांना भरपूर तेल, टाळूवर इलेक्ट्रोड चिकटेना, स्पिरिटने पुसून पुसून शेवटी बसले. पहिले दोन तास तसं बरं, मधूनमधून घोरणं, हलकं, दाराबाहेर ऐकू जाणार नाही असं. मग पहिली मोठी रेम झोप आली, स्वप्नांची, ज्यात अंगाचे स्नायू ढिले पडतात आणि घशाचे पण, आणि स्क्रीनवर एकामागून एक सुरू झालं. हवा सपाट, छाती-पोटाचे बेल्ट एकमेकांच्या उलट दिशेला ओढतायत, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांवरून ८५ वर, मग घशातून एक आवाज, कूस बदलली, परत तेच. सगळ्यात खाली ७९ गेलं. सकाळी हिशोब केला, पूर्ण रात्रीचा एएचआय २३, फक्त रेमचा काढला तर ४४. रेम पहाटे जास्त येते, आणि काकूंचं डोकं सकाळी जड का असायचं ह्याचं उत्तर बरंचसं त्यात होतं.

मॅटचा मध्यम आणि लॅबचा मध्यम जुळला ह्यात फार हुरळून जाण्यासारखं नाही. मॅटला ऑक्सिजन दिसत नाही, ते ७९ तिला कधीच कळलं नसतं, आणि रेम वेगळी काढून दाखवणं तिच्या आवाक्यातलं नाही. पण ती नसती तर काकू आमच्या बाकड्यावर नवऱ्याची पिशवी धरून बसल्या असत्या आणि तशाच घरी गेल्या असत्या, हेही खरं. उलटी केस मला जास्त घाबरवते, लक्षणं भरपूर आहेत आणि अ‍ॅप हिरवं दाखवतंय म्हणून माणूस निवांत. हिरव्यावर विसंबून टेस्ट टाळू नका, लाल आलं तर आधी त्या बाजूला कोण झोपतं ते बघा.

उपचार म्हणजे सीपॅप, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा छापून आणलेलं, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा एवढीच कल्पना. काकूंनी मास्क लावून आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "गणपती झाला की माझा." पहिले काही दिवस रात्री दोनला काढून टाकायच्या. मग मोठा मास्क बदलून फक्त नाकपुड्यांवर बसणारा दिला, ह्युमिडिफायर लावला, दाब हळूहळू चढेल असं सेट केलं, झोपेची गोळी डॉक्टरांनी बंद केली. महिनाभराने रात्रीचं उठणं एकदा, कधी नाहीच. डोक्याचं जडपण गेलं. बीपी मात्र थोडंच खाली आलं, गोळ्या होत्या त्याच आहेत, आणि हे आधीच सांगून ठेवलं होतं कारण लोकांना वाटतं मशीन लावलं की गोळ्या सुटतात. वजनाचं काम चालू आहे, संथ.

काकांना मशीन लागलं नाही. पाठीवर झोपू नका, नाक मोकळं ठेवा आणि पोट कमी करा एवढंच, हार्टची हिस्ट्री आहे म्हणून वर्षाने परत बघू असं डॉक्टर म्हणाले. ते पावसाळ्यात हॉलमधून बेडरूममध्ये परत आले, सीपॅपचा आवाज येतो म्हणून तक्रार करतात.

पोराने विचारलं उजव्या बाजूला बाबांसाठी अजून एक मॅट पाठवू का. मी म्हटलं नको. काकूंच्या मशीनमध्येच रोजचा उरलेल्या अडथळ्यांचा आकडा दिसतो, तो पाचच्या आत असतो, त्यांना मॅटची गरज संपली. तीच आहे ती काढून उजवीकडे सरकवा, आणि अ‍ॅपमधलं नाव बदला.